दुकान पाच दिवस बंद राहील

सलीम, पाटी मीच रंगवली. अक्षरं उजवीकडे घसरत गेली आणि 'राहील'ला जागाच उरली नाही, म्हणून तो शब्द दुसऱ्या ओळीत एकटा लिहावा लागला. रंगकाम हे तुझं खातं. माझ्या हातात ब्रश दिसला की तू म्हणायचास, "दत्ता, तू स्क्रू कस मियाँ, रंगाला हात नक्को लावू." तरीही पाटी झाली. दुकान पाच दिवस बंद राहील. खाली तारखा आहेत. मे महिन्याच्या मध्यात, शहागंजात, कूलरवाल्याच्या शटरवर. समोरचा अत्तरवाला रस्ता ओलांडून आला, पाटी दोनदा वाचली आणि मला म्हणाला, "दत्ताभाई, तबियत तो ठीक है ना?"

तब्येत ठीक आहे. तुला जाऊन बावीस दिवस झाले. परवा सकाळच्या एसटीनं मी आणि सुमन चिखलदऱ्याला निघतोय. गेलेल्या माणसावर लिहिताना तो कुठं जन्मला, किती शिकला, किती सज्जन होता हे लिहितात. ते तुझी मुलं लिहितील. तू सज्जन होतास की नाही याबद्दल माझं मत दर आठवड्याला बदलायचं, हे तुला ठाऊक आहे. मला आपलं भांडण पुरं करायचंय. ते अर्धवट टाकून तू निघून गेलास, आणि काम अर्धवट टाकायची तुझी सवय नव्हती.

आपलं सगळं आयुष्य एका उफराट्या धंद्यात गेलं. एकतीस वर्षं आपण दोघांनी लोकांच्या घरात गारवा पोचवला आणि स्वतः पत्र्याच्या छपराखाली भाजून निघालो. होळी झाली की पहिलं गिऱ्हाईक यायचं, आणि मग मृग लागेपर्यंत मान वर करायला फुरसत नसायची. जुन्या कूलरच्या जाळ्या उघडायच्या, कडक होऊन बसलेलं गवत ओरबाडून काढायचं, नवं भरायचं, पंप धुवायचा, टाकीला आतून डांबर मारायचं. दुकानात दहा कूलर उभे असायचे आणि एकही चालू नसायचा. ज्या शहरात नळाला पाणी कधी येईल याची बायका वाट बघत बसतात, तिथं स्वतःच्या हवेसाठी टाकी भरणं आपल्या दोघांनाही पटायचं नाही. या एका गोष्टीवर आपलं कधी भांडण झालं नाही.

आणि या सगळ्यात तुझा डोंगर. एप्रिलच्या सुरुवातीला गवताची पोती दुकानात येऊन पडली की तू त्यातल्या एका पोत्यावर मांडी घालून बसायचास आणि त्या वर्षीचा डोंगर जाहीर करायचास. "इस साल उटी." पुढल्या साली मनाली. एकदा तर काश्मीर. नुसतं बोलून तू थांबायचा नाहीस. ज्यांच्या घरी आपण कूलर बसवायला जायचो त्यांच्यापैकी कुणी थंड हवेच्या ठिकाणी जाऊन आलंय असा नुसता वास लागला, तरी तू दातात स्क्रू धरून त्याची उलटतपासणी घ्यायचास. गाडी कुठून सुटते, लॉज कोणतं, तळमजल्याला ओल असते का, आणि शेवटी हमखास एकच प्रश्न, "साब, रात को रजई लगती क्या?" तो 'हो' म्हणाला की तुझा चेहरा असा फुलायचा की मला तुझा हेवा वाटायचा. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, हातात तापलेला पाना, आणि हा माणूस मे महिन्यातल्या रजईच्या विचारानं खूश.

मी काय म्हणणार ते तुला पाठ होतं. "सीझन होऊ दे. जूनमध्ये बघू." जूनमध्ये आभाळ भरून यायचं, शहर आपोआप निवायचं आणि डोंगराची गरजच संपायची. उटी, मनाली सगळं पुढल्या एप्रिलपर्यंत गुंडाळून ठेवलं जायचं. म्हैसमाळ तरी करू, अर्ध्या दिवसात जाऊन येऊ, असं मी सुचवलं की तू नाक मुरडायचास. "वो तो आँगन में खाट डालने जैसा है." मी तुझी थट्टा करायचो. सुमनला सांगायचो, सलीमनं यंदा मनाली केली, पोत्यावर बसून.

एकदाच गेलो आपण, तेही जुलैत, कारण कूलरवाल्याला सवड तेव्हाच. तू, नसीमभाभी, मी आणि सुमन. महाबळेश्वरात उतरलो तर निम्मी दुकानं ताडपत्री ओढून बंद. धुक्यात समोरचा माणूस दिसेना. गाद्या ओल्या, आणि आपल्या अंगावर उन्हाळ्याचे सुती कपडे, कारण आपल्याकडे दुसरे होतेच कुठं. लॉजवाला म्हणाला, "या दिवसांत कोण येतं इकडं?" तू त्याला अगदी गंभीरपणे सांगितलंस, "आम्ही येतो. आमचा उन्हाळा आत्ता संपला." दोन दिवस एका खोलीत शेगडीभोवती बसून आपण कणसं खाल्ली. पॉइंट एकही दिसला नाही. निघायच्या दिवशी तू छत्री घेऊन गावभर फिरून आलास आणि एसटीत बसल्यावर माझ्या कानाशी म्हणालास, "दत्ता, पूरे गाँव में एक कूलर नहीं है. अपन यहाँ भूखे मरते."

दोघी हसून हसून बेजार झाल्या. मी म्हणालो, चला, एकदाचा डोंगर बघून झाला. तू खिडकीबाहेर बघत होतास. म्हणालास, "ये नहीं गिनते. गरमी से उठ के आना, उसको जाना कहते." मला वाटलं, थंडीनं कावलास म्हणून बोलतोयस.

तुझं उन्हाशी वैर होतं असं मात्र कुणी म्हणू नये. तू त्याला ओळखून होतास. टोपीखाली ओला रुमाल, खिशात कांदा, शिडीवरून उतरल्यावर पाच मिनिटं पाण्याला हात लावायचा नाही, मग आधी ताक. कांद्यावरून मी तुला इतकं छळलं की शेवटी तू माझ्याही डब्याच्या पिशवीत एक टाकून ठेवायला लागलास. आणि गिऱ्हाइकांना तू जे झापायचास ते ऐकायला मजा यायची. लोक कूलर लावतात आणि गारवा बाहेर जाईल म्हणून दारंखिडक्या गच्च लावून घेतात. मग तक्रार, घरात नुसता दमट कोंडमारा होतोय. तू जाऊन समोरची खिडकी उघडायचास आणि म्हणायचास, "बाई, हवा आली तर तिला जायला पण वाट पाहिजे. पाहुणी आहे ती." पुढच्या वर्षी त्याच घरी तीच खिडकी पुन्हा बंद सापडायची.

दौलताबादचा तो दिवस आठवतो? कूलर पोचवून येताना किल्ल्याखालच्या रस्त्यावर टेम्पो बंद पडला. दुपारचा दीड. टेम्पोवाला दुसऱ्या गाडीला हात करून पार्ट आणायला गेला आणि आपण दोघं कडुनिंबाखाली बसलो. त्या झाडाला सावली अशी नव्हतीच. तू मागून उरलेला वाळ्याचा ताटा काढलास, टेम्पोच्या कडेला बांधलास आणि आपली प्यायच्या पाण्याची अख्खी बाटली त्याच्यावर रिकामी केलीस. मी ओरडलो, "येडा झालास काय? प्यायचं काय आता?" तू मला हाताला धरून त्याच्या मागं बसवलंस. गरम वारा त्या वाळ्यातून येताना ओला होऊन, वास घेऊन येत होता. "ले," तू म्हणालास, "आ गया तेरा हिल स्टेशन." टेम्पोवाला येईपर्यंत मी पाण्यावरून तुला बोलत राहिलो. खरं म्हणजे त्या दुपारी मला इतकं बरं वाटलं होतं की तिथून उठू नये. हे मी तुला सांगितलं नाही. बरं वाटलं की सांगायचं असतं हे मला फार उशिरा कळलं.

यंदा तुझं बोलणं वेगळं होतं. फेब्रुवारीत डॉक्टरांनी तुला हृदयाचं सांगितलं. दुपारचं ऊन टाळा, गच्चीवर चढू नका. हे तू मला पंप धुता धुता सांगितलंस, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. मी म्हणालो, मग दुपारच्या गच्च्या माझ्या. तू "हौ" म्हणालास, आणि माझी पाठ वळली की शिडीवर. मग पोती आली. तू बसलास, पण उटीचं नाव काढलं नाहीस, मनालीचंही नाही. चिखलदरा. एसटीनं जाता येतं, परतवाड्याला गाडी बदलायची की घाट चढून वर. तू तारखासुद्धा काढून आणल्या होत्यास. "इस बार जून नहीं," तू म्हणालास. हे नेहमीचं पोत्यावरचं बोलणं नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्या सोमवारी भांडण झालं. तू हातातला ब्रश खाली ठेवून विचारलंस, "पाच दिवस दुकान बंद राहिलं तर काय होतंय?"

"गिऱ्हाईक तुटतंय," मी म्हणालो.

"एकतीस बरस का गिऱ्हाईक पाँच दिन में तुटता?"

"उन्हाळ्यात पाच तासांत तुटतंय. घरात लेकरू उकाड्यानं रडत असलं तर माणूस तुझी वाट बघत बसणार नाय. सरळ जगनकडं जाईल. अन् एकदा गेला की गेला."

जगन म्हणजे दोन गल्ल्या पलीकडचा दुसरा कूलरवाला. अठरा वर्षांपूर्वी एका वसतिगृहाचं मोठं काम त्यानं आपल्या हातातून नेलं. त्याचं म्हणणं, आपणच ते त्याच्या तोंडातून काढत होतो. तेव्हापासून आपण त्याच्या गल्लीनं जाणं सोडलं. तू त्याचं नावही घ्यायचा नाहीस, 'वो उधरवाला' म्हणायचास. पण खरी भीती मला होती. कुणी नेहमीचं गिऱ्हाईक दोन दिवस फिरकलं नाही, की ते जगनकडं बसलेलं मला डोळ्यांपुढं दिसायचं.

"जाने दे उधरवाले के पास," तू म्हणालास. "पाँच दिन वो भी कमा ले."

आणि मग मी ते बोललो. "तुला जायचंय तर तू जा. दुकान मी बघतो. नाय तरी यंदा निम्म्याच्या वर काम मीच करतोय."

ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवलास, फडक्यानं पुसलास, जागेवर ठेवलास आणि चार वाजताच घरी गेलास. एकतीस वर्षांत सीझनमध्ये तू चार वाजता घरी गेल्याचं मला आठवत नाही.

दहा बाय बाराच्या दुकानात दोन माणसांचा अबोला बघण्यासारखा असतो. मंगळवारी तुला पक्कड हवी होती तर तू कूलरलाच विचारलंस, "क्यों रे, पक्कड किधर है?" मी कूलरलाच उत्तर दिलं, "टाकीवर आहे म्हणावं." चहावाला एकच ग्लास ठेवून गेला तेव्हा तो ग्लास निवून साय धरेपर्यंत मधे तसाच पडून राहिला. आपण दोघंही त्या ग्लासाकडे बघायचो आणि आपापलं काम करायचो. साठीला टेकलेली माणसं आणि ही तऱ्हा.

बुधवारी दुपारी मी सिडकोतल्या एका गच्चीवर होतो. मोटर उतरवताना लोखंडी शिडीचा चटका बसला, आणि एकाएकी मला घेरी आली. पाण्याच्या टाकीच्या हातभर सावलीत जाऊन डोकं गुडघ्यात घालून बसलो. डोळ्यांपुढचं काळं ओसरलं तेव्हा पहिला विचार तुझा आला. याला असं कितीदा झालं असेल आणि यानं सांगितलं नसेल. घरमालकीण लिंबाचं सरबत घेऊन वर आली. ती काय बोलत होती ते माझ्या कानावर येतच नव्हतं. मी तिथं, त्या टाकीला टेकून, ठरवलं. जायचं. मे महिन्यातच, चौघांनी. गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

हे तुला सांगायला तिथून एक फोन पुरे होता. मी तो केला नाही. म्हटलं, शुक्रवारी सांगू. शुक्रवारी तुझी नमाज झाली की आपण दुकानात एकत्र जेवायचो, भाभी दालचा-खाना पाठवायच्या. पोटभर जेवण झाल्यावर सांगितलं की माझ्या माघारीची लाज थोडी कमी वाटेल, असा हिशोब. आणि लपवायचं काय आता, तू आणखी दोन दिवस कुढत राहावंस अशीही इच्छा होती. आधी तू बोलावंस असंही वाटत होतं. फोन खिशात होता, सलीम. मी तो काढून वेळ बघितली आणि परत ठेवला.

गुरुवारी दुपारी तू घरी जेवायला गेलास आणि जेवून आडवा झालास तो उठलाच नाहीस. तुझ्या मोठ्या मुलाचा फोन आला तेव्हा मी साडेतीन वाजले तरी तू आला नाहीस म्हणून कूलरपाशी तणतणत होतो.

तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी बसलो होतो. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर माणसं, खिडकीत आपण दोघांनी केलेला कूलर, आणि त्यातून निव्वळ गरम वारा. मी उठून जाळी उघडली. आत गेल्या वर्षीचं गवत. काळं पडलेलं, क्षार धरून दगड झालेलं. सगळ्या शहराचं गवत बदलणाऱ्या माणसाच्या घरी. आलेल्या लोकांना काय वाटलं असेल देव जाणे, मी दुकानात जाऊन निम्मं पोतं घेऊन आलो आणि तिथंच बसून तिन्ही जाळ्या भरल्या. काहीतरी कसता, ओढता, आपटता येत होतं तेवढंच बरं होतं.

भाभी आतल्या दाराच्या पडद्याआड येऊन उभ्या राहिल्या. एकतीस वर्षं ज्या माझ्या हातात चहा देत आल्या, त्या आता इद्दतीत, नवऱ्यामागच्या चार महिन्यांच्या सुतकी पडद्यात आहेत म्हणून पडद्यामागून बोलत होत्या. "दत्ताभाई, आप दोनों की बात बंद थी क्या?"

मी हो म्हणालो.

"बुध को मैंने उनसे पूछा था. बोले, दत्ता का गुस्सा है, जुमे तक उतरता. जुमे को खाना ज़रा ज़्यादा देना, मैं बात करूँगा."

माझ्या हातातलं गवत तसंच राहिलं. म्हणजे तूही शुक्रवारचीच वाट बघत होतास. एका दुकानात, एका पंख्याखाली बसून आपण दोघं एकाच शुक्रवारवर नजर लावून गप्प होतो. मी भाभींना माझं सांगितलं नाही. पंप चालू केला, पाणी तिन्ही बाजूंनी नीट झिरपतंय का बघितलं आणि निघालो.

आज शुक्रवार आहे. म्हणून लिहायला बसलो. सोमवारी मी जे बोललो ते खोटं होतं. निम्मंसुद्धा काम मी करत नव्हतो. तू पुढं होऊन गिऱ्हाइकाशी हसायचास म्हणून मला मागं बसून तुसडेपणा करता यायचा. गेल्या बावीस दिवसांत मला तीन घरांतून "सलीमभाईंना पाठवा" असं सांगण्यात आलं. तिन्ही ठिकाणी मी गेलो, तू नाहीस हे सांगितलं आणि कूलर दुरुस्त करून आलो. एका बाईंनी मला पाणी दिलं आणि त्या स्वतः स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. त्यांच्याकडे समोरची खिडकी बंद होती. मी उघडली, पण पाहुणीचं वगैरे मला बोलता आलं नाही.

जायचं ठरवल्याचं घरी सांगितलं तेव्हा सुमन आधी चिडली. "सलीमभाईंना महिनासुद्धा झाला नाय अन् तुम्ही फिरायला निघाला. लोकं काय म्हणतील?" मी म्हणालो, लोकांनी एकतीस वर्षं काही म्हटलं नाही म्हणून आपण इथं पोचलो. मी मौजेला जात नाहीये. जूनमध्ये जाऊ असं पुन्हा एकदा माझ्या तोंडून निघालं, तर मी कायमचा तोच माणूस राहीन, याची मला धास्ती वाटते. मी तिला बुधवारचं सगळं सांगितलं, घेरीसकट. ती उठून माळ्यावरची बॅग काढायला स्टूल घेऊन आली.

भाभींना सांगायला गेलो. त्या पडद्याआडून म्हणाल्या, "जाओ. मेरा चार महीने घर से निकलना नहीं, नहीं तो मैं भी बैठती गाडी में. अगले साल मेरेकू छोडके नक्को जाना."

इतकं झालं तरी एक गोष्ट उरत होती, आणि तीच सगळ्यात अवघड होती. पाटी लावून मी मोकळा होऊ शकत नव्हतो. औरंगपुऱ्यात एक म्हातारी अंथरुणाला खिळलेली आहे, तिच्या कूलरचा पंप आठवड्याला अडकतो. एका घरी दीड महिन्याचं बाळ आहे. पारा त्रेचाळीसच्या खाली यायला तयार नाही. या लोकांना पाच दिवस कुणाच्या भरवशावर सोडायचं? उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चार दिवस मी ते टाळलं. काल सकाळी चप्पल घातली आणि जगनच्या गल्लीत शिरलो.

तो पत्रा कापत होता. मला बघून कात्री हातातच राहिली. त्याचे केस पांढरे झालेत सलीम, पार. दुकान आपल्यासारखंच. तेच छप्पर, तीच पोती, तेवढीच जागा. मी उभ्याउभ्या सांगितलं, "पाच दिवस बाहेरगावी चाललोय. माझी काही घरं आहेत, अडलेली. बघशील का?"

त्यानं स्टूल पुढं सरकवलं. चहा सांगितला. "सलीमभाईंचं कळलं," तो म्हणाला. "मातीला आलो होतो मी. मागं उभा होतो. तुम्ही बघितलं नसंल." मग मी कागद काढला. त्यानं एकेक पत्ता नीट वाचला, म्हातारीच्या नावापुढं खूण केली, पंप कोणत्या कंपनीचा ते विचारलं. "फोन माझ्याकडं वळवून ठेवा. अन् आल्यावर घरं परत घ्या. मी नाय ठेवायचा त्यातलं एकही."

मी म्हणालो, "जगन, तू कधी गेलास का रे उन्हाळ्यात कुठं?"

तो हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "बायकू दरसाल म्हणती, एकदा थंडाव्याला न्या. कसं जावं? मी बंद ठेवलं तर सगळी तुमच्याकडं जातील ना. तुम्ही दोघं कधी शटर वढत नव्हता. लई वाट बघितली मी, एखाद्या साली तरी तुम्ही जाल म्हणून." चहाचा ग्लास खाली ठेवून तो म्हणाला, "पुढल्या साली मी जाईन. तुम्ही बघा माझं."

एवढंच होतं, सलीम. एका चहात झालं. एकतीस उन्हाळे तू पोत्यावर बसून विचारत राहिलास आणि उत्तर दोन गल्ल्या पलीकडं पत्रा कापत बसलं होतं. मला त्या क्षणी कुणाचा तरी गळा धरावासा वाटला, आणि धरण्यासारखा माझ्याशिवाय तिथं कुणाचाच नव्हता. मी उठलो, पायरीपर्यंत आलो. तिथंच बसून रडलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा. येणारीजाणारी माणसं बघत होती. जगन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, ऊन माझ्या डोक्यावर येत होतं तिकडच्या बाजूला.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "किती जण निघालाव?"

"चौघं जाणार होतो," मी म्हणालो. "आता दोघं आहोत. पण निघालोय."